नमुना शिळा होता

दिगू,

गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली. हायस्कूलच्या कॅफेटेरियात, म्हणजे जिथे आपण गणपती, दिवाळी आणि मंडळाची निवडणूक उरकतो तिथेच. दोनची वेळ होती, पावणेतीनला सुरू झाली. तू असतास तर सव्वादोनलाच सगळ्यांना घड्याळ दाखवून पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसला असतास आणि सुलभावहिनींना तुला बोलवायला दोनदा बाहेर यावं लागलं असतं. या वेळी त्या पहिल्या रांगेत बसून राहिल्या.

मंडळाचे अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले. त्यातली वीस मिनिटं ते स्वतः या देशात आले तेव्हा किती थंडी होती याबद्दल होती. उरलेल्या पाचात तू 'आयुष्यभर अग्नीशी झुंज देणारा शास्त्रज्ञ' झालास. मी मनात म्हटलं, झुंज? या माणसाने आयुष्यभर आगी लावल्या. रोज, नऊ ते पाच, दहा सेंटिमीटरच्या जाळीच्या पेटीत. नंतर शोकप्रस्ताव वाचला. टाइप केलेला होता, त्याला सूचक होते आणि अनुमोदकही होते. तू गेलास या गोष्टीला अनुमोदन लागतं हे मला नवीन होतं. मग दोन मिनिटं शांतता, ती एका डॉक्टरांच्या बीपरमुळे सव्वा मिनिटात संपली. मग मे महिन्यातल्या पिकनिकची तिकिटं कुठे मिळतील ते सांगितलं.

मलाही बोलायला उभं केलं होतं. मी म्हटलं, "तो फार काटेकोर होता," आणि खाली बसलो.

बाहेर पडताना सुलभावहिनींनी मला गाठलं. "अकरा वर्षं रोज भांडलात तुम्ही दोघं. आणि एवढंच?"

तुझी शिल्पा शेजारी उभी होती, तुझा तो राखाडी पार्का घालून. तिने माझी बाजू घेतली. "आई, लीव्ह हिम अलोन." मग माझ्याकडे वळून, "काका, ही कम्प्लेन्ड अबाउट यू एव्हरी सिंगल डिनर. आय थिंक ही रिअली लाइक्ड यू."

म्हणून हे उरलेलं लिहितो आहे. मंडळाच्या अंकात छापतो म्हणालेत. शब्दमर्यादा सांगितली नाही, ही त्यांची चूक.

अध्यक्षांना तुझं काम कळलं नाही यात त्यांचा फारसा दोष नाही. कोणी विचारलं की तू सांगायचास, "मी वस्तू ओव्हनमध्ये ठेवतो आणि वाट बघतो." मंडळातल्या निम्म्या बायकांना इतकी वर्षं वाटत होतं की तू बेकरीत आहेस. प्रकरण खरं तर साधं आहे. काही वस्तू काडी न लावता आपोआप तापतात. तेलकट चिंध्या, ओलसर गवत, मासळीची भुकटी, कोळसा. त्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू घेतात आणि थोडी थोडी उष्णता सोडतात. ढीग लहान असला तर ती उष्णता निघून जाते. ढीग मोठा असला तर आतली उष्णता आतच अडकते, त्याने वस्तू आणखी तापते, तापली की आणखी ऑक्सिजन घेते, आणि एके दिवशी गोदाम जातं. हे गोदामात होण्याआधी आपल्या लॅबमध्ये व्हावं म्हणून लोक आपल्याला नमुने पाठवतात. तू नमुना जाळीच्या पेटीत भरायचास, मधोमध तापमान मोजणारी थर्मोकपलची तार खोचायचास, ओव्हन एका तापमानाला स्थिर करायचास आणि चार्टवर पेन सुरू करायचास. चोवीस तास पेन ओव्हनच्या रेषेजवळ राहिलं, तर पास. पेन आपण होऊन वर चढायला लागलं की तू खुर्ची ओढून समोर बसायचास. लोक क्रिकेटची कॉमेंटरी ऐकताना बसतात तसा, पुढे वाकून.

"बघ बे," म्हणायचास, "आता ह्याले कोणाची गरज नाही."

नागपूर सोडून तुला इतकी वर्षं झाली तरी ते 'बे' काही सुटलं नाही. मी पुणेकर म्हणून मला ते लागतं, असा तुझा ठाम समज होता. लागत होतं. आता आठवडाभर कोणी मला 'बे' म्हटलेलं नाही आणि त्याचाही त्रास होतो आहे, हे तू मला करून ठेवलेलं आणखी एक नुकसान.

ती दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवते? मंडळाचा तीनशे माणसांचा फराळ आमच्या घरी तळला जात होता. आठ बायका, चार कढया. झाऱ्यावर येणारा शेव-चकल्यांचा चुरा त्या गरम गरम निथळून एका मोठ्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या, त्यावर तेल टिपलेले पेपर टॉवेल, त्यावर पुन्हा चुरा. डबा गळ्यापर्यंत भरला होता. तू सोडा घ्यायला किचनमध्ये आलास, डब्याशी थांबलास, बाही वर केलीस आणि सरळ कोपरापर्यंत हात आत घातलास.

"अहो भाऊजी!" मंदा ओरडली. माझी बायको सहसा ओरडत नाही. "कचऱ्यात हात घालून काय करताय?"

"वहिनी, हा तापून राहिला आतून."

"तळलेलं आहे. गरमच असणार ना?"

"तुम्ही टाकलं तेव्हा होतं त्याहून जास्त गरम आहे."

आणि तू तो अख्खा डबा ड्राइव्हवेवर नेऊन उपडा केलास, बागेच्या दाताळ्याने पसरलास. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती. आठही बायका तुला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यांतल्या तिघी आता कार्यकारिणीवर आहेत. तू मात्र त्यातला किलोभर चुरा पिशवीत भरून लॅबमध्ये आणलास. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, तपासायचं तर रजिस्टरमध्ये नोंद कर. तू गंभीर चेहऱ्याने केलीस. नमुना: शेवेचा चुरा. ग्राहक: साहेबांची बायको. तो चुरा सात तासांत पेटला. उरलेला काळा गोळा तू काचेच्या बरणीत घालून दिवाळीच्या कार्यक्रमात रांगोळीच्या शेजारी ठेवलास आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस, "ही मंदावहिनींची शेव." ती दोन महिने तुझ्याशी बोलली नाही. पण आजही ती तळणाचा चुरा ताटात पसरून गार करते. त्या आठही करतात. शोकसभेत हे कोणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं.

आता रजिस्टर. ते टाळता येणार नाही.

मी सेक्शनचा प्रमुख झालो तेव्हा आपल्याकडे ज्या ग्राहकाचा आवाज मोठा त्याचा नमुना आधी, अशी पद्धत होती. मी रजिस्टर आणलं. आलेल्या प्रत्येक नमुन्याला क्रमांक, आणि तपासणी क्रमांकाने. कोणासाठीही रांग मोडायची नाही. आपल्या डायरेक्टरला, वॉल्टरला, ते इतकं आवडलं की वार्षिक सभेत त्याने मला फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं. घरी येऊन मी त्याची भरपूर टिंगल केली आणि मग खिळा शोधायला गॅरेजमध्ये गेलो. इतरांच्या हारतुऱ्यांवर बोलणाऱ्या माणसाच्या भिंतीवर काय टांगलंय ते तू एकदाच बघितलंस. काही बोलला नाहीस. फक्त ते थोडं तिरकं होतं, ते सरळ केलंस. त्यापेक्षा बोलला असतास तर बरं.

मागच्या शरद ऋतूत तो कोळसा आला. नारळाच्या करवंटीचा, पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये घालतात तो. ग्राहकाचं नाव इथे घेत नाही. त्यांना भट्टीतून काढलेला माल पोत्यांत भरून गोदामात मोठ्या थप्पीत ठेवायचा होता आणि ते सुरक्षित आहे असा कागद हवा होता. रांग लांब होती. नमुना एकोणीस दिवस सॅम्पल रूमच्या फळीवर पडून राहिला, तोंड दुमडलेल्या कागदी पिशवीत. क्रमांक आला तेव्हा तू तो तपासलास. पेन जरा वर आलं, रेंगाळलं आणि खाली गेलं. पास. तू रिपोर्ट लिहिलास, मी सही केली.

जानेवारीत त्यांचा ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या तपासणीसाठी त्याच कोळशाचा डबा घेऊन आला. आदल्या दिवशीचा माल. तू डबा हातात घेतलास आणि तो कोमट होता. बाहेर बर्फ पडत होता, ट्रकच्या मागच्या भागात हीटर नव्हता, आणि डबा कोमट. त्यानंतर तू जे केलंस ते नियमाबाहेर होतं. रजिस्टरमध्ये नोंद नाही, क्रमांक नाही, चार ओव्हन अडवून तीन दिवस तू तीन आकारांच्या पेट्या चालवल्यास. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, तू चार्टची गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडलीस तेव्हा. पेन कागदाच्या कडेवरून बाहेर गेलेलं होतं.

"साहेब, आपण मेलेला माल तपासून राहिलो."

"म्हणजे?"

"ताज्या कोळशाले ऑक्सिजनची भूक असते. फळीवर एकोणीस दिवस बसून त्यानं आपली भूक भागवून घेतली. मग आपण त्याले ओव्हनमध्ये टाकला आणि म्हटलं, वा, किती शांत आहे. ते लोक गोदामात शांत माल नाही ठेवत. ते भुकेला ठेवतात."

"नोंद कुठे आहे याची?"

"काय?"

"हा डबा आला कधी, उघडला कोणी, कुठल्या क्रमाने तपासला? रजिस्टरमध्ये आहे?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की मी अजून ते विसरू शकलेलो नाही. रागाने नाही. थर्मोकपलची तार तुटली की तू जसं बघायचास तसं.

दुसऱ्या दिवशी तू एका पानाचा मेमो आणून दिलास. ग्राहकाला ताबडतोब कळवावं, आधीचा रिपोर्ट मागे घ्यावा, थप्प्या उतरवायला सांगावं. माझ्या सहीशिवाय तो बाहेर जाणार नव्हता. मी म्हटलं, आधी रीतसर तिसरा नमुना मागवू. ग्राहक म्हणाला, आमच्याकडे तुमचाच पास आहे, नमुना कशाला? वॉल्टर म्हणाला, लेट्स नॉट ओव्हररिअॅक्ट. आणि मेमो माझ्या ड्रॉवरमध्ये पाच आठवडे राहिला.

आता तुझंही चुकलं ते ऐक. तू गेलास म्हणून मी ते गाळणार नाही. मंगळवारच्या मीटिंगमध्ये वॉल्टरसमोर तू माझ्या सहीच्या रिपोर्टला 'गार्बेज' म्हणालास. दोनदा. तू बरोबर असलास की असह्य होतोस, दिगू. चुकीचा असताना तुझ्याशी बोलता तरी यायचं. बरोबर असलास की समोरच्याला शहाणं व्हायला जागाच ठेवत नाहीस. जरा गप्प बसून मला दोन दिवस दिले असतेस तर कदाचित मी स्वतःच उठून तुझ्याकडे आलो असतो. कदाचित. हे वाक्य मी गेला आठवडाभर लिहून बघतो आहे, आणि ते कुठूनही लिहिलं तरी सबबीसारखंच दिसतं.

पार्किंग लॉटमधलं ते शेवटचं भांडण. तू माझ्या गाडीपाशी उभा, मी काचेवरचा बर्फ खरवडत होतो.

"सही करतोस की नाही?"

"तिसरा नमुना येऊ दे."

"येणार नाही. पास झालेला पोरगा पुन्हा परीक्षेले बसतो का बे?"

"मग माझा नाइलाज आहे."

"नाइलाज नाही. तुला तुझं रजिस्टर प्यारं आहे."

"दिगू, घरी जा."

"मी सोडतो ही नोकरी. बाहेरून लिहितो त्यांना पत्र."

"लिही की मग! कोणी अडवलंय?"

तू गेलास. त्यानंतरचे चार दिवस आपण फक्त चिठ्ठ्यांवर बोललो. तुझी मला आलेली शेवटची चिठ्ठी अशी आहे: 'तीन नंबरच्या ओव्हनचं दार नीट बसत नाही.' लोकांचे शेवटचे शब्द काय असतात आणि माझ्या वाट्याला काय आले.

गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना तुझ्या छातीत दुखायला लागलं असणार. तू पार्कवेच्या कडेला गाडी घेतलीस, फ्लॅशर लावलेस, इंजिन बंद केलंस, हँडब्रेक ओढलास. पोलिसाने वहिनींना सांगितलं की इतकी नीट उभी केलेली गाडी त्याने बघितली नव्हती. शोकसभेत 'काटेकोर' म्हणालो ते मला त्या गाडीमुळे सुचलं, आणि पुढचं काही बोलता आलं नाही तेही त्याच गाडीमुळे.

आता जे तुला सांगितलं नाही ते.

त्या पार्किंग लॉटच्या आदल्या रविवारी मी तुझे आकडे घरी नेले होते. डायनिंग टेबलवर ग्राफ पेपर पसरला. तू तीन आकारांच्या पेट्या उगाच चालवल्या नव्हत्यास, हे मला माहीत होतं. पेटी जितकी मोठी तितक्या कमी तापमानाला ती पेटते. तीन ठिपके मांडले, पट्टी ठेवली, रेघ खाली नेली. लहान पेटी, मोठी पेटी, पोतं, थप्पी. त्यांच्या थप्पीच्या आकाराशी रेघ पोचली तेव्हा समोर जे तापमान आलं ते ऑगस्टमधल्या कुठल्याही पत्र्याच्या गोदामाचं होतं. आणि हे लोक माल कोमट असतानाच पोत्यांत भरत होते, म्हणजे ऑगस्टचीही वाट बघायला नको.

मंदाने विचारलं, "काय करताय?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं." तो कागद घडी करून मी गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवला. तू काचेपलीकडे उभा राहून 'सही करतोस की नाही' म्हणत होतास तेव्हा तो तुझ्यापासून तीन फुटांवर होता. तू बरोबर आहेस हे तीन फुटांवर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी बर्फ खरवडत होतो.

का, म्हणशील. भीती नव्हती. वॉल्टर मला काय करणार होता? मला फक्त असं हवं होतं की तिसरा नमुना रीतसर यावा, त्याला रीतसर क्रमांक मिळावा, तो रांगेत उभा राहावा, आणि मग मी मोठ्या मनाने तुझं म्हणणं मान्य करावं. चूक रजिस्टरची आहे, त्या क्रमानेच नमुना शिळा केला, हे कबूल न करता. मंडळाच्या अध्यक्षांना मी हसतो. त्यांना निदान हार सगळ्यांसमोर घालून घ्यायला आवडतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी वॉल्टरने मला बोलावलं. फार हळव्या आवाजात म्हणाला, "वुई वॉन्ट टू ऑनर डिग." ओव्हन रूमच्या दारावर पितळी पाटी लावायची, तुझ्या नावाची, खाली लॅबच्या माहितीपत्रकात शोभेल असं एक वाक्य. वाक्य मी सुचवावं.

मी म्हटलं, "त्याचा मेमो पाठवू या."

"दॅट्स अ सेपरेट इश्यू."

"त्याला हाच इश्यू होता. दुसरा नव्हता."

"तो नमुना रजिस्टरमध्ये नव्हता. तूच म्हणाला होतास." इंग्रजीत म्हणाला, पण शब्द माझेच होते. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती मूर्ख आहे ते नीट कळतं.

"रजिस्टर चुकीचं आहे," मी म्हटलं. "निदान या मालासाठी. ताजा असताना तपासायचा माल मी रांगेत उभा केला. रिपोर्टवर सही माझी आहे, ती मी मागे घेतोय."

हे बोलायला मला एक वाक्य लागलं, दिगू. पाच आठवडे आणि एक वाक्य. वॉल्टर म्हणाला, वकिलाला आधी वाचू दे. मी म्हटलं, वाचू दे, मी तोपर्यंत फोन करतो.

जागेवर आलो, तुझा मेमो ड्रॉवरमधून काढला, गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमधून ग्राफ आणून त्याला जोडला, सही केली आणि सेक्रेटरीकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायला दिला. मग सरळ त्यांच्या कारखान्यात फोन लावला. गोदामाचा सुपरिंटेंडंट भेटला, एड नावाचा. आवाजावरून साठीचा, सिगारेट ओढणारा. मी त्याला सांगितलं, थप्प्या उतरव, पोती सुटी करून लांब लांब पसर, आणि नवीन माल गार झाल्याशिवाय रचू नकोस.

"पण तुमच्या कागदावर लिहिलंय की चालतं."

"मला माहितेय काय लिहिलंय. मीच सही केली आहे."

तो म्हणाला, गंमत आहे, हिवाळाभर फोर्कलिफ्टवाली पोरं त्या मोठ्या थप्पीच्या मागे बसूनच लंच खातात. तिथे बरं उबदार असतं.

मी म्हटलं, "आज उतरव. उद्या नको."

तो बरा माणूस होता. त्याने वाद घातला नाही. मला आयुष्यात वाद घालणारा माणूस किती हवा असतो हे मला त्या क्षणी कळलं, कारण फोन ठेवल्यावर मी रात्रीपर्यंत फक्त वाट बघत बसलो आणि 'बघ बे' म्हणायला कोणी नव्हतं. मंदाने जेवायला वाढलं, मी जेवलो, काय जेवलो माहीत नाही. तुला सात तासांत शेव पेटताना बघायला इतका आनंद का व्हायचा हे मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. तू ती तिथे पेटताना बघत होतास म्हणून ती दुसरीकडे कुठे पेटत नव्हती. मला पाच आठवडे एवढंही दिसलं नाही, आणि त्याबद्दल मला कोण माफ करणार हे न ठरवताच तू गेलास. याबद्दल माझा तुझ्यावर खरोखर राग आहे. भांडण अर्धं टाकून जायची ही पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एडचा फोन आला. रात्रपाळीच्या लोकांना हाताशी धरून त्यांनी मोठी थप्पी उतरवली होती. वरची पोती ठीक. खाली आत गेल्यावर पोती गरम लागायला लागली, मग हातमोजे घालून उचलली, मग हातमोज्यांनीही नाही. दोन पोत्यांचा कागद आतल्या बाजूने तपकिरी होऊन ठिसूळ झाला होता. ती त्यांनी बाहेर बर्फाच्या उरल्यासुरल्या ढिगाऱ्यावर नेऊन टाकली.

"हे तुमच्याकडे कोणी पकडलं?" त्याने विचारलं.

मी तुझं नाव सांगितलं. त्याला ते कळलं नाही. मी एकेक अक्षर सांगितलं, दिगंबर, मग वानखेडे. तो सावकाश लिहून घेत होता, पेन्सिलचा आवाज येत होता.

"त्याला फोन देता का जरा? थँक यू म्हणतो."

तुझं टेबल माझ्या दारातून दिसतं. खुर्ची तू ओढून ओव्हनसमोर नेलीस ती अजून तिथेच आहे, कोणी हलवलेली नाही.

"आत्ता तो जागेवर नाही," मी म्हटलं.

"ओके. मग निरोप सांगाल?"

मी पेन घेतलं आणि लिहून घेतला. तुझ्यापर्यंत कसा पोचवायचा ते मला माहीत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. वर जे लिहिलंय ते माझं आहे, त्याचं तुला जे करायचं ते कर. निरोप एवढाच आहे:

थप्पी उतरवली. कोणालाही काही झालेलं नाही.